भिंतीवरचं 'नाय'

सायमन, तुझ्या शोकसभेतली शांतता तीन वर्गांत तीन वेगवेगळ्या वेळी झाली.

मैदानात नको, ऊन लागतं, सिस्टीम आहे की आपली, असं अध्यक्ष म्हणाले. म्हणून ते ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसले आणि मुलं आपापल्या वर्गात. सातवी अ मध्ये तुझा फोटो आधी आला. "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या," हे अ ला ऐकू गेलं आणि अ उभा राहिला. ब च्या भिंतीवर तेव्हा संस्थेचं बोधचिन्ह गोल गोल फिरत होतं. क मध्ये तुझा फोटो आला, पण आवाज आला नाही, म्हणून मुलं तुझ्याकडे बघत नुसती बसून राहिली. अ ची शांतता संपली, बाकं कुरकुरली, पोरं खोकली, आणि त्याच वेळी पलीकडे ब ने माना खाली घातल्या. ब च्या शांततेवर अ मधलं अध्यक्षांचं भाषण पार्टिशनवरून सांडत होतं.

मी व्हरांड्यात उभी होते. हार, मेणबत्ती, खुर्च्या, तुझ्या भावाला आणायला रिक्षा, सगळं यादी करून नीट बघितलं होतं. शांतता यादीत नव्हती. ती आपोआप होते असा माझा समज होता.

तुझा भाऊ पास्कल ऑफिसातून उठून माझ्याजवळ आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात रुमाल. दोन्हीकडच्या खिडक्यांतून त्यानं बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे सगलं एकदम का नाय होत? सायमन तर सांगायचा एकदमच होतं."

"होत होतं," मी म्हटलं. याहून जास्त तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून आता तुझ्याशी बोलते. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं काम अध्यक्षांनी उरकलं आहे. 'दूरदृष्टी' हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की क मध्ये आवाज नव्हता तेच बरं झालं.

सुरुवात कशी झाली ते आता शाळेत कुणाला आठवत नाही. गणिताचे दुसरे सर सोडून गेले, त्यांची जागा भरायची नाही असं संस्थेनं ठरवलं आणि सातवीच्या तीन तुकड्या एकट्या तुझ्या गळ्यात आल्या. मी पर्यवेक्षिका. वेळापत्रक माझ्याकडे. मी कागद तुझ्यासमोर धरला आणि म्हटलं, "सायमन, यात तू मावत नाहीस." तू कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला तीन चौकोन काढलेस, त्यांच्यामधून एक रेघ ओढलीस आणि म्हणालास, "बाई, मी एका खोलीत शिकवतो. बाकी दोन खोल्यांत माजा फळा जाईल. मी रोज खोली बदलीन, कोनी सावत्र नको."

मला वाटलं, टीव्ही लावणार. तू अंधेरीची इलेक्ट्रॉनिक्सची नोकरी सोडून शाळेत आलेला माणूस, तुला हौस असेल. पण खरी भानगड मला तू ते पहिल्यांदा लावून बघितलंस त्या दिवशी समजली. आपल्या वर्गांमधली पार्टिशनं छतापर्यंत जात नाहीत. अ मध्ये तू 'सात' म्हणालास, ब मधल्या स्पीकरवरून 'सात' थोडं मागून आलं, क मधून आणखी मागून. सात, सात, सात. पोरांनी लगेच ताल धरला. तुझा चेहरा पडला आणि मी म्हटलं, "झालं ना समाधान? आता मी तासिकेवर कुणी मिळतंय का बघते."

तू रविवारी शाळेची किल्ली मागून घेतलीस. वायफाय नको, वायर हवी, आणि सगळ्या खोल्यांना घड्याळ एकच हवं, असं तुझं म्हणणं. प्रत्येक खोलीतला प्रोजेक्टरला जोडलेला डबा त्या एका घड्याळाकडे बघूनच चित्र दाखवील आणि आवाज सोडील. जो डबा पुढे असेल तो मागच्यासाठी थांबेल. महिनाभर भिंतींवर वायरींच्या पांढऱ्या केसिंग पट्ट्या ठोकत होतास. मग एक दिवस तू अ मध्ये 'सात' म्हणालास आणि मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून एकच सात ऐकला. तीन खोल्या, एक सात. मी मराठी शिकवणारी बाई, मला गणितात कधी गोडी वाटली नाही, पण त्या सातानं माझ्या अंगावर काटा आला. तुला सांगितलं नाही. तू आधीच हवेत होतास.

आणि मग तू ती बटणं लावलीस.

दारावरच्या बेलची साधी बटणं, प्रत्येक खोलीत पुढच्या बाकाशेजारी भिंतीवर, बाजूला एक छोटा माईक. वर तुझ्या अक्षरात लाल रंगानं एक शब्द. नाय.

"हे काय?"

"समजलं नाय तर दाबायचं. दाबलं की तिन्ही खोल्यांत चित्र थांबतं, आनि माज्या टेबलावर त्या खोलीचा दिवा लागतो."

"ते कळलं. हा शब्द काय? शाळेची भिंत आहे ही. 'नाही' लिही. किंवा 'शंका' लिही."

"बाई, शंका तुम्हाला येते. पोरांना नाय समजत."

"मग 'नाही समजलं' लिही. शुद्ध."

"शुद्ध म्हनेपर्यंत पोरगं घाबरून गप बसतं. नाय कसं, तोंडातून सुटतं."

माझं सासर सातारचं, राहायला बोळिंजच्या कॉम्प्लेक्समध्ये, आणि उभी हयात मुलांच्या वहीतला 'नाय' लाल शाईनं खोडण्यात गेलेली. मी ऐकणार नव्हते. आणि शब्दापेक्षा मोठा मुद्दा होता. ब मधल्या एका मुलाला समजलं नाही तर अ आणि क ने का थांबायचं? अभ्यासक्रम कधी संपणार? तू वाद घातला नाहीस. शाळा सुटल्यावर म्हणालास, "चला पाचूबंदरला, आमच्या कोळीवाड्यात. दाखवतो."

चांगली साडी नेसले होते त्या दिवशी. तुझ्या भावाची बोट दुरुस्तीसाठी वर ओढायची होती. फळ्यांवर तेल ओतलेलं, दोन्ही बाजूंनी दोर, आणि अख्खी आळी दोराला. पास्कल हाक द्यायचा आणि सगळे एकदम ओढायचे. बोट वीतभर सरकायची. मग कुठूनतरी बारीक आवाज आला, "नाय." एका म्हातारीचा. ती दोरालासुद्धा नव्हती, कडेला टोपली घेऊन बसली होती. सगळ्यांनी त्याच क्षणी दोर धरून ठेवला. कुणी ओढला नाही, कुणी सोडला नाही. एक फळी तिरकी झाली होती. ती सरळ केली, पास्कलनं परत हाक दिली.

"कोन बोललं, ते कोनी विचारत नाय," तू म्हणालास. "लहान पोर बोललं तरी थांबायचं. कुनाचा पाय अडकला असंल. नंतर फुकटचं बोललं म्हनून शिव्या पडल्या तर पडू दे, पन आधी थांबायचं."

"आणि सारखंच कुणी बोलत राहिलं तर?"

"मग फळ्याच वाईट टाकल्यात."

पास्कलनं मला ओरडून विचारलं, "बाई, हात लावता का? का साडी खराब होईल?" मी दोर धरला. साडी खराब झाली. शब्द भिंतीवर राहिला.

पहिला आठवडा पोरांनी नुसता धिंगाणा घातला. नाय, नाय, नाय. तू एकदाही चिडला नाहीस. दिवा लागला की म्हणायचास, "बोल ब, काय नाय समजलं?" ज्यानं मजा म्हणून दाबलं त्याला तिन्ही वर्गांसमोर काहीतरी विचारावंच लागायचं. हळूहळू मजा संपली आणि खरे प्रश्न उरले. ब मधली एक मुलगी, वर्षभरात जिचा आवाज मी ऐकला नव्हता, तिनं एकदा बटण दाबलं आणि माईकमध्ये म्हणाली, "सर, ऋण गुणिले ऋण धन कसं? नाय आणि नाय, त्याचं हो कसं होईल?"

तिन्ही खोल्या हसल्या. तू हसला नाहीस. खडू ठेवलास आणि सगळ्यांना सांगितलंस, फळा म्हणजे धन, मागची भिंत म्हणजे ऋण. मग वर्गाच्या मध्यावर जाऊन फळ्याकडे पाठ करून मागच्या भिंतीकडे तोंड केलंस. "हे एक नाय." आणि तसाच उलटा चालत निघालास. "हे दुसरं नाय." पाठ जाऊन फळ्याला धडकली. "कुठं पोचलो?" तिन्ही खोल्यांतून एकच उत्तर आलं, फळ्याला. तुझ्या शर्टावर पाठीमागे खडूनं लिहिलेलं सगळं गणित उमटलं होतं. ते तू दिवसभर तसंच वागवत फिरलास.

अभ्यासक्रम मागे पडला. ते मी म्हणत होते आणि ते खरं होतं. तुझ्यासाठी जादा तासांचं वेळापत्रक मीच बसवलं, खेळाचा तास मोडून. क्रीडाशिक्षक माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. तरीही बसवलं, कारण तोपर्यंत मला पटलं होतं की शाळेत एवढी एकच वस्तू आहे जी मुलाच्या म्हणण्यावरून थांबते. बाकी सगळं, परिपाठापासून सहलीच्या बसपर्यंत, त्यांच्या अंगावरून जातं. माझ्यासकट. हे तू मला दाखवलंस. त्याचे उपकार मी नाकारत नाही.

आता दुसरं.

संस्थेनं कंपनी आणली. सगळ्या शाळांत सिस्टीम लावायची, सायमन सरांचे तास रेकॉर्ड करून सगळीकडे दाखवायचे. सभेला मी होते, तू होतास, अध्यक्ष होते, आणि कंपनीचा तो गोड बोलणारा मुलगा. त्याची एकच अट. बटणं नकोत. एका शाळेसाठी दुसरी कशी थांबणार, आणि भिंतीवर 'नाय' बघून पालक काय म्हणतील?

तुझ्याकडे बघितलं तर तू चहाच्या कपात बघत होतास. म्हणून मी बोलले. पाचूबंदरची बोट सांगितली, ब मधली मुलगी सांगितली, तुझा शर्टसुद्धा सांगितला. 'नाय' हा शब्द मी, कदमबाईनं, अध्यक्षांसमोर शुद्ध शब्द असल्यासारखा उच्चारला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमची कळकळ समजते. पण ज्यांचं डिझाइन आहे त्यांनाच विचारू. काय सायमन सर?"

तू म्हणालास, "चालेल सर. काढू."

तीन शब्दांत. मान वर न करता.

व्हरांड्यात मी तुला गाठलं. "का?"

"बाई, दुसऱ्या शाळेत पोरानं नाय म्हटलं तर तिथं उत्तर कोन देनार? मी किती ठिकानी उभा राहू?"

"मग त्यांना नाही म्हणायचं होतंस."

"नाय म्हनलो तर दुसरा कोनीतरी घेतील. कसलंही शिकवील. निदान मी शिकवलेलं तरी पोरांपर्यंत जाईल."

"तुझं शिकवणं म्हणजे ते थांबणं होतं. ते काढलं तर उरतं काय?"

तू जायला वळलास. मी म्हटलं, "तुला सगळ्या भिंतींवर तुझा चेहरा बघायचा आहे, सायमन. दुसरं काही नाही."

हे मी मागे घेतलं नाही. आजही घेत नाही. माणूस गेला की शब्द गिळायचे असतात असं लोक समजतात. मला तो शिष्टाचार जमत नाही. ज्यानं अख्ख्या सातवीला 'नाय' म्हणायला भिंतीवर जागा करून दिली, त्याला एका टेबलासमोर एकदा 'नाय' म्हणता आलं नाही, आणि तेही मी शेजारी बसलेली असताना. उत्तर तयार ठेव, आपण पुन्हा बोलू, असं मी मनात म्हणत राहिले. तूही म्हणत असशील. आपण रोज एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणत होतो आणि हजेरीपटावर सह्या करत होतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ते कधी ऐकलं नाही म्हणून मी सांगते. रेकॉर्डिंग झालं. कंपनीच्या मुलानं मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. "मॅम, सरांचे सगळे पॉज काढून टाकलेत. आता एकदम टाइट झालंय." प्रत्येक थांबा कापला होता. जिथे जिथे दिवा लागला, जिथे तू 'बोल ब' म्हणालास, ते सगळं गेलं. उरला तो न अडखळणारा, न थांबणारा, कुणाचंच न ऐकणारा एक माणूस. मी त्याला ओळखत नाही. तुझी वायर काढून वायफाय आलं, कारण आता एकदम व्हायची गरज काय? ज्या त्या खोलीत मुलांवर लक्ष ठेवायला बसवलेली ताई आपलं आपलं सुरू करते. सात, सात, सात. मुलांना सवय झाली आहे. आणि बाकीच्या शाळांतल्या गणिताच्या बाई, ज्यांच्या मदतीला तुझे तास जाणार होते, त्यांना संस्थेनं पुढच्या वर्षी बोलावलंच नाही. तुला शाळा-शाळांत फिरून डबे दुरुस्त करायला लावलं. शिकवायला वर्ग उरला नाही, कारण सगळीकडे तूच शिकवत होतास.

तू गेल्याचं मला स्टाफच्या ग्रुपवर कळलं. वर गणवेशाची सूचना, खाली सहामाहीचं वेळापत्रक, मध्ये तू. छातीत कळ आली, इतकंच लिहिलं होतं. खाली हात जोडल्याची चित्रं.

मी चर्चला आले होते. मिसाची प्रार्थना मला नीट समजत नाही, सगळे उठले की मी उठत होते. दफनाच्या वेळी तुझ्या आळीतले लोक दोरांवर होते. पेटी खाली जाऊ लागली आणि एका बाजूचा दोर सैल पडला. पेटी कलली. पास्कल म्हणाला, "नाय." जोरात नाही. सगळे हात जागच्या जागी थांबले. तू अधांतरी, आणि एवढ्या माणसांत कुणाच्या श्वासाचा आवाज नाही. दोर सारखा केला, आणि सगळ्यांनी एकदम तुला खाली सोडलं. शांतता कशी असते ते मी तिथे बघितलं होतं. म्हणून तर शोकसभेतल्या त्या गोंधळाचं मला हसू आलं नाही.

बाहेर पडताना पास्कलला विचारलं, काही म्हणायचा का तो, शाळेबद्दल? "तुमचं नाव काडायचा," तो म्हणाला. "बाई रागावल्यात, म्हनायचा. बस, येवडंच."

बरोबर आहे. रागावले होते. एवढी एक गोष्ट तरी तुला पोचली होती.

बटणं अजून भिंतीवर आहेत. वायर कापली, डब्या तशाच ठेवल्या, कारण काढल्या तर रंग द्यावा लागला असता. काल मी नेहमीसारखी फेरीवर निघाले होते. तू तिन्ही खोल्यांत शिकवत होतास, एकामागून एक. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. पलीकडून, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. लगेच पुढचं उदाहरण. ब च्या दारात मी थांबले. पुढच्या बाकावरची एक मुलगी बटण दाबत होती. सोडून परत दाबत होती, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"काय चाललंय?"

"बाई, हे दाबलं की सर थांबतात ना?" ती म्हणाली. "माझा दादा सातवीत होता तेव्हा थांबायचे."

भिंतीवर तू पुढच्या पानावर गेला होतास.

वर्गात बसणाऱ्या ताईंना मी प्रोजेक्टर बंद करायला सांगितला. त्या म्हणाल्या, "मॅडम, परत पहिल्यापासून लागेल." मी म्हटलं, लागू दे. भिंत पांढरी झाली. अ आणि क मधून तू बोलतच होतास, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. मी ब ला म्हटलं, मी मराठीची बाई आहे, मला यातलं एवढंच येतं. फळा म्हणजे धन, मागची भिंत म्हणजे ऋण. वर्गाच्या मध्यावर जाऊन फळ्याकडे पाठ केली. गुडघा दुखतो हल्ली, त्यात उलटं चालायचं म्हणजे अंदाज घ्यावा लागतो. दोन बाकांमधून पदर सांभाळत मागे मागे गेले. पाठ फळ्याला लागली. वर्ग हसला.

"कुठे पोचले?"

"फळ्याला," सगळे म्हणाले.

ती मुलगी हसली नव्हती. तिनं हात वर केला नाही, बटणाकडेही गेली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "नाय, बाई."

मी तिचा शब्द सुधारला नाही. परत वर्गाच्या मध्यावर गेले, मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मागे पहिलं पाऊल टाकलं.